बंद पाकिटाची पावणी

2025 सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेत बेसबॉलच्या एका तरुण खेळाडूचे कार्ड लिलावात 11 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. पॉल स्कीन्स हा तो खेळाडू. पिट्सबर्ग पायरेट्स संघात चेंडू टाकण्याचे काम त्याच्याकडे आहे. 2024 च्या मे महिन्यात तो ज्या सामन्यात प्रथम उतरला, त्या सामन्यातील त्याच्या सदऱ्यावरचा कापडी बिल्ला या कार्डात बसविलेला होता, त्यावर त्याची स्वाक्षरी होती आणि असे कार्ड जगात एकच होते. ते सापडले लॉस एंजेलिसकडील अकरा वर्षांच्या एका मुलाला, नाताळच्या भेटीत मिळालेल्या पाकिटात. ते आपल्याला मिळावे म्हणून संघाने तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली होती. मुलाच्या घरच्यांनी लिलाव पत्करला.

त्या मुलाच्या भाग्याचा आम्हांस हेवा नाही. त्याला पाकीट भेट म्हणून मिळाले होते, त्याने डाव मांडला नव्हता. परंतु ही वार्ता जगभरच्या वृत्तपत्रांनी छापली, आणि ती अशीच छापली जाईल हे ते कार्ड पाकिटात घालणाऱ्या कारखानदारास पुरेपूर ठाऊक होते. त्याच दिवसांत जी अगणित पाकिटे फुटली आणि ज्यांतून कोणाला काहीही भारी निघाले नाही, त्यांची वार्ता होत नाही. होणेही शक्य नाही. सोडतीचे तिकीट खपते ते पहिल्या बक्षिसाच्या छायाचित्रावर. या कार्डांचा व्यापारही आता त्याच छायाचित्रावर चालू लागला आहे, आणि गेल्या काही वर्षांत ऑनलाईन लिलावांनी त्याला जे वळण दिले आहे ते पाहता त्याला अद्यापि 'छंद' म्हणत राहावे की दुसरे नाव द्यावे, याचा विचार करणे भाग आहे.

या कार्डांचा इतिहास मोठा बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील तंबाखूचे व्यापारी सिगारेटच्या पाकिटात ताठरपणासाठी पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्याच तुकड्यावर खेळाडूंची चित्रे छापावी ही युक्ती त्यांना सुचली. विकाऊ माल तंबाखू होता, चित्र वरकड. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेत होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड होते. त्याची छपाई लवकरच थांबली. मुलांनी चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे वॅग्नरला रुचले नाही, असे काही जण सांगतात. त्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून तो रागावला, असे दुसरे सांगतात. कारण काही असो, आज ती कार्डे जेमतेम पन्नास-साठ उरली आहेत आणि 2022 साली त्यांतले एक साडेबहात्तर लाख डॉलरांना विकले गेले. योगायोगाची गोष्ट अशी की वॅग्नरही पिट्सबर्गचाच.

पुढे तंबाखूची जागा चघळण्याच्या गमने घेतली. टॉप्स कंपनीची 1952 सालची मालिका त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिच्यातील मिकी मँटलचे एक उत्तम स्थितीतील कार्ड 2022 च्या ऑगस्टमध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरांना गेले. ज्या अधिकाऱ्याने ती मालिका घडविली तोच पुढे सांगत असे की न खपलेल्या पेट्यांनी गोदाम अडले म्हणून आपण त्या पडावात भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात लोटून दिल्या. (समुद्राने गिळलेल्या मालाचे मोल किनाऱ्यावर वाढते, हे आम्हां किनारवासीयांना वेगळे सांगायला नको.) त्या वेळची दुर्मिळता अशी आपोआप झालेली होती. कार्डे सायकलच्या चाकात फडफडावयास लावली गेली, आईने साफसफाईत फेकली, समुद्रात बुडाली. जी राहिली ती मोलाची ठरली.

1980 च्या दशकात ही किंमत लोकांच्या ध्यानी आली, तेव्हा घरोघर कार्डे जपून ठेवली जाऊ लागली आणि कारखान्यांनी ती इतकी छापली की त्यांचे मोल रद्दीइतके उरले. यातून कारखानदारांनी जो धडा घेतला तो आजच्या सर्व प्रकाराचे मूळ आहे. दुर्मिळता आपोआप होत नसेल तर ती मुद्दाम निर्माण करावयाची. 1990 साली अपर डेक कंपनीने रेगी जॅक्सन या खेळाडूने स्वहस्ते सही केलेली अडीच हजार कार्डे हजारो पाकिटांत विखरून टाकली. मग क्रमांक घातलेली कार्डे आली, सदऱ्याचा तुकडा चिकटविलेली आली, शेवटी जगात एकच प्रत असलेली आली. याच सुमारास टॉप्सच्या पाकिटातून गम नाहीसा झाला. गमच्या डागाने कार्ड बिघडते अशी संग्राहकांची तक्रार होती. म्हणजे आधी तंबाखू गेली, मग गम गेला, आणि पाकिटात उरले ते कार्ड. आमचे म्हणणे एवढेच की आता कार्डही चालले आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी 'ब्रेक' या नावाने चालणारा व्यवहार पाहिला पाहिजे. उंची कार्डांची एक पेटी शेकडो, कधी हजारो डॉलरांची असते. एकट्याला ती परवडत नाही म्हणून चार जणांनी वर्गणी काढून घ्यावी आणि कार्डे वाटून घ्यावी, ही मूळ कल्पना, आणि तीत गैर काहीच नव्हते. आपल्याकडे चार घरे मिळून एक फणस घेतात, त्यातलाच प्रकार. परंतु वर्गणी गोळा करणारा हळूहळू व्यापारी झाला. तो कॅमेऱ्यासमोर बसतो, पेटी दाखवितो आणि तिच्यातील 'वाटे' लिलावात काढतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तीस संघ आहेत, तेव्हा वाटे तीस. ज्या संघाचा वाटा तुम्ही घेतला, त्या संघाच्या खेळाडूंची जी कार्डे पेटीतून निघतील ती तुमची. 2023 साली व्हिक्टर वेम्बान्यामा हा फ्रेंच तरुण सॅन अँटोनिओ संघात आला, तेव्हा त्याच्या नवखेपणाच्या कार्डापायी त्या संघाच्या वाट्याला चढी बोली लागे आणि बाकीचे वाटे स्वस्तात जात. यात निदान काही विचार, काही माहिती कामी येते.

दुसऱ्या प्रकारात तोही विचार उरत नाही. वाटा घेताना संघ कोणता हे ठरलेलेच नसते. सर्व वाटे विकले गेले की पडद्यावर चक्र फिरते, किंवा यंत्र नावे उलटसुलट करते, आणि कोणाला कोणता संघ ते ठरते. त्यानंतर पाकिटे फुटतात. म्हणजे दैवाची परीक्षा दोनदा: एकदा संघासाठी, एकदा कार्डासाठी. तिसरा प्रकार याहून सोपा आहे. विक्रेता स्वतःच जुनी कार्डे नव्या बंद पाकिटांत भरतो, त्यांत दोन-चार भारी घालतो, उरलेली किरकोळ, आणि एकेक पाकीट लिलावास काढतो. यातले भारी कार्ड पाकिटे फोडण्याआधीच कॅमेऱ्यापुढे मिरविले जाते. किती पाकिटांत ते एक आहे, हे सांगण्याची मात्र घाई नसते.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, पेटीची बाजारातील किंमत 300 डॉलर आहे आणि तीस वाटे सरासरी 15 डॉलरांना गेले. जमा झाले 450. तीस माणसांनी मिळून 300 च्या वस्तूला 450 मोजले, आणि त्यांतल्या प्रत्येकाला वाटले की आपण 15 डॉलरांतच सुटलो. पेटी एकट्याने घेतली असती तर निदान तोटा एका नजरेत दिसला असता. येथे तो तीस जणांत वाटला जातो आणि म्हणून कोणालाच दिसत नाही. एखाद्या संघाचे एकही कार्ड निघाले नाही तर काही ठिकाणी सांत्वनादाखल एखादे साधे कार्ड पाठवितात, काही ठिकाणी तेवढेही नाही.

लिलाव ही संस्था आम्हां गोमंतकीयांस परकी नाही. पालखी फिरून आल्यावर देवळाच्या चौकात जी पावणी होते ती आपण लहानपणापासून पाहत आलो. केळ्यांचा घड, नारळ, फळावळ समोर मांडलेली असते. बोलणारा उठून पाहू शकतो, हातात घेऊ शकतो. 'एक वार, दोन वार' म्हणताना पुकारणारा मध्ये थांबतो, चौकावरून नजर फिरवितो, कोणाला वाढवायचे असेल तर वेळ देतो. नारळाला पाचशे रुपये मोजणारा यजमान काही तो नारळ पाचशेचा आहे असे समजत नाही. वरचे पैसे देवस्थानाचे, हे त्यालाही ठाऊक आणि सगळ्या गावालाही. कोमुनिदादीच्या शेताची पावणी घेणारा कुळवाडी आधी बांध फिरून येतो, पाणी कोठून येते ते बघतो. वस्तू सर्वांच्या डोळ्यांदेखत असणे आणि बोलणाऱ्याला विचाराला अवसर असणे, या दोन गोष्टींवर लिलावाची नीती उभी आहे.

या नव्या लिलावांत त्या दोन्ही गोष्टी नाहीत. वस्तू तर बंदच आहे. अवसर म्हणावा तर घड्याळ काही सेकंदांचे, आणि पुष्कळदा अशा बेताने लावलेले की शेवटच्या क्षणी नवी बोली आली तरी ते पुढे ढकलले जात नाही. एक वाटा गेला की लगेच दुसरा. बोलीसाठी बोट पडद्यावर नुसते सरकवायचे. पैसे आधीच नोंदविलेल्या खात्यातून जातात. पाकीट फाडण्याचा आवाज, फोडणाऱ्याचे ओरडणे, बाकीच्यांच्या टाळ्या, आणि जिंकणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यातला द्यूतकार खेळणार नाही असा निश्चय करून मित्रांबरोबर न जाता मागे राहतो. पण फळ्यावर बेहड्याच्या फाशांचा खुळखुळाट झाला की पाय आपोआप तिकडे वळतात. माणसाला ओढतो तो आवाज, ही गोष्ट त्या ऋषीने हेरली होती. आज तो आवाज खिशात मावतो एवढाच फरक. आणि हा धंदा किरकोळ राहिलेला नाही. लॉस एंजेलिस येथे 2019 साली निघालेल्या व्हॉटनॉट या थेट लिलावांच्या कंपनीचे मूल्य 2025 च्या ऑक्टोबरात गुंतवणूकदारांनी साडेअकरा अब्ज डॉलर धरले. कार्डे हा तिच्या व्यापाराचा एक भाग आहे, परंतु अतिशय मोठा भाग आहे.

आता विक्रेत्यांची बाजू. ती ऐकून घेण्यासारखी आहे. ते म्हणतात, आम्ही जुगार चालवीत नाही, माल विकतो. गिऱ्हाईकाला काही ना काही मिळतेच. अमेरिकेत सोडतीची जी कसोटी लावतात तिची तीन अंगे आहेत: बक्षीस, दैव आणि मोल. तिन्ही एकत्र आली की ती सोडत. 'काही ना काही मिळतेच' हे उत्तर या कसोटीतून निसटण्यासाठी घडविलेले आहे. 1990 च्या दशकात कार्ड घेणाऱ्यांनी कारखानदारांवर खटले भरले, की पाकिटात दुर्मिळ कार्डे विखरून घालणे हा बेकायदा जुगार आहे. 1998 साली पाचव्या परिमंडलाच्या आणि 2002 साली नवव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने ते फेटाळले. का फेटाळले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तुम्ही पाकीट घेतले तेव्हा काही कार्डे आणि भारी कार्डाची एक शक्यता विकत घेतली, ती तुम्हांला मिळाली, तेव्हा तुमचे नुकसान झाले नाही आणि तुम्हांला दाद मागता येत नाही, असा त्या निकालांचा आशय. या व्यवहाराला न्यायालयाने निर्दोष ठरविले, असा त्याचा अर्थ विक्रेते लावतात. आम्हांस त्यात उलटी कबुली दिसते. शक्यता ही विकत घेतलेली वस्तू आहे, असे न्यायालयच म्हणते.

विकला जाणारा माल कार्ड नसून शक्यता आहे, याची खूण व्यवहारातच सापडते. आपल्या वाट्याला आलेली साधी कार्डे पाठवूच नका, टपालखर्च वाया जातो, असे सांगणारे गिऱ्हाईक या लिलावांत नवलाचे नाही. ज्या वस्तूसाठी पैसे दिले ती घरी आणण्याइतकीही नको असेल, तर पैसे कशाचे दिले? तंबाखू गेली, गम गेला, आता कार्डही वरकड झाले. चित्रासाठी तंबाखू घेणारा मुलगा शेवटी हाती चित्र घेऊन तरी घरी जात असे.

या ठिकाणी मटक्याची आठवण येणे अपरिहार्य आहे. आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. गावोगावच्या संसारांची त्याने केलेली धूळधाण आम्ही पाहिली आहे. पण मटक्याच्या एकेरी आकड्याचा हिशेब उघडा असतो. दहांतला एक आकडा लागणार आणि लागला तर साधारणपणे रुपयाला नऊ रुपये मिळणार, हे शाळा न पाहिलेला गाडेवालाही सांगतो. दहा वेळा खेळून नऊ परत, एक बुकीचा. कार्डाच्या बंद पाकिटात बुकीचा तो एक आहे की पाच आहेत, हे पदवीधरालाही कळण्याचा मार्ग नाही. कारखान्याच्या पेटीवर विशिष्ट कार्डाची शक्यता छापलेली असते. विक्रेत्याने स्वतः भरलेल्या पाकिटाची शक्यता तो सांगेल तीच.

इतर देशांनी याच्या भाऊबंदांना आवर घातलेला आहे. संगणकीय खेळांतील चित्रांचा पुरा संच जमविल्यास मोठे बक्षीस देणारी 'कॉम्पू गाचा' ही रीत जपानने 2012 साली बंद केली. बेल्जियमने 2018 साली खेळांतील पैसे भरून उघडावयाच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरविले. चीनने 2023 साली न दिसणाऱ्या वस्तूंच्या डब्यांवर नियम घालून आठ वर्षांखालील मुलांना ते विकण्यास मनाई केली. अमेरिकेत मात्र अजून ज्याचा तो, असा प्रकार आहे.

आपल्याकडे या कार्डांच्या लिलावांचा गवगवा अद्याप फारसा नाही. परंतु क्रिकेटपटूंची कार्डे पाकिटांतून विकली गेली आहेत, न दिसणाऱ्या बाहुल्यांचे डबे मुलांच्या हाती आले आहेत, आणि आयपीएलच्या एखाद्या कोवळ्या फलंदाजाच्या सहीचे एकमेव कार्ड ही कल्पना कोणा व्यापाऱ्याच्या मनात आजवर आली नसेल असे समजणे भोळेपणाचे होईल. ती येईल तेव्हा आपला कायदा काय म्हणेल?

1957 साली सर्वोच्च न्यायालयापुढे चमारबागवाला खटला आला होता. बंगळूरला छापून मुंबई राज्यात खपणाऱ्या एका वृत्तपत्रातून शब्दकोड्यांची बक्षिसे लावली जात. (या पापात वृत्तपत्रसृष्टीचाही हात होता, हे नमूद केलेले बरे.) ज्यात कौशल्याचा अंश ठळक नाही तो जुगार, आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, असे न्यायालयाने ठरविले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा खप वाढविण्यासाठी सोडत किंवा दैवाधीन खेळ योजणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविलेली आहे. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाईन गेमिंगच्या कायद्याने तर कौशल्य की दैव हा वादच मिटवून, पैसे भरून लाभाच्या आशेने खेळावयाच्या ऑनलाईन खेळांस बंदी केली. परंतु या शेवटच्या कायद्याचा सगळा डोलारा 'खेळ' या शब्दावर उभा आहे. कार्ड विकणारा म्हणेल, हा खेळ नव्हे, विक्री आहे. चक्र फिरते ते वाटणीसाठी. 'काही ना काही मिळतेच' हे अमेरिकेत निसटलेले उत्तर येथेही निसटू पाहील.

गोव्यापुरते बोलायचे तर आमची स्थिती अधिकच चमत्कारिक आहे. 1976 साली आपण सार्वजनिक जुगाराविरुद्ध कायदा केला, पुढे त्याच कायद्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांना आणि मांडवीतील जहाजांना मोकळीक दिली, आणि 2020 च्या फेब्रुवारीपासून त्या जहाजांच्या दारावर गोमंतकीयांस प्रवेशबंदी लावली. बंदी योग्यच होती. परंतु तेथे दार होते म्हणून ती लावता आली. दारावरचा माणूस वय विचारतो, ओळखपत्र मागतो. बारा वर्षांचा मुलगा बापाच्या मोबाइलवर वाटा घेतो तेव्हा त्याला विचारणारे कोणी नाही, आणि बापाला ते कळते ते बँकेच्या संदेशावरून, फार उशिरा.

म्हणून मागणी नेमकी हवी. ज्या ऑनलाईन लिलावात बोली लावताना वस्तू दिसत नाही आणि ती दैवाने ठरते, त्याला विक्री न समजता सोडत समजावे, मग हाती पुठ्ठ्याचा तुकडा येवो वा न येवो. हे 2025 च्या कायद्याखालील नियमांत स्पष्ट शब्दांत यावे. छंद म्हणून कार्ड उघड विकणाऱ्या-घेणाऱ्यांना त्याची झळ पोचण्याचे कारण नाही. दिसणाऱ्या कार्डाला कोणी कितीही बोली लावावी. हे होईतो निदान एवढे तरी बंधनकारक असावे की पाकिटे भरणाऱ्याने एकूण पाकिटे किती, त्यांत भारी कार्डे किती आणि आजवर निघालेल्या सर्व कार्डांची बाजारातील बेरीज किती, हे बोली सुरू होण्यापूर्वी पडद्यावर मांडावे. पाकिटे त्याने स्वतःच्या हाताने भरलेली असतात, वाटे त्याच्याच यंत्रावर नोंदलेले असतात. हिशेब त्याच्यापाशी तयार आहे. तो त्याच्याकडे मागण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्याला, एवढेच सरकारला ठरवावयाचे आहे.